मांजरीला ‘टाकून गेली’ म्हणण्याआधी

मंडळी, गेल्या एप्रिलमध्ये माझ्या हातून एक चूक झाली, ती या अंकात लिहून टाकते. आमच्या करामातल्या बिल्डिंगच्या मागे, ए.सी.च्या युनिटखाली एका खोक्यात मांजरीची तीन पिल्ले दिसली. डोळे नुकतेच उघडलेले. आईचा पत्ता नाही. अर्धा तास वाट पाहिली आणि ‘कसली ही आई, टाकून गेली!’ असे म्हणत खोके उचलून घरी आणले. वाटीभर गाईचे दूध कोमट करून चमच्याने पाजले, ए.सी. नेहमीप्रमाणे बावीसवर. त्या रात्री खाली एक मांजरी पहाटेपर्यंत ओरडत फिरत होती. सकाळी वॉचमनने विचारले, ‘मॅडम, पिल्ले तुम्ही नेलीत का?’ लाजत खोके परत नेऊन ठेवले. तासाभरात ती आली आणि पिल्लांना एकेक करून मानेला धरून घेऊन गेली. न्यायला दोनच होती. तिसरे रात्रीतच गेले होते.

मांजरी पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्या आज्या सांगत. त्यात बरेच तथ्य आहे. पिल्लांजवळ वर्दळ वाढली, जागेला वास सुटला, दुसरा बोका हिंडू लागला की ती जागा बदलते. हलवताना एका वेळी एकच पिल्लू नेता येते, त्यामुळे मागे राहिलेले आपल्याला ‘टाकलेले’ वाटते. शिवाय दूध यायला तिला स्वतः खावे लागते, आणि इथे खाणे म्हणजे कचऱ्याच्या डब्यांची फेरी; त्यात तासन्‌तास जातात. आपण खोक्यापाशी उभे राहिलो तर ती गाडीखाली बसून आपण हलण्याची वाट पाहते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत मात्र खोटी. माझीच दोन पिल्ले तिने घेतली ना!

खरोखर टाकणेही असते. पहिलटकरीण, जेमतेम वर्षाची मांजरी गोंधळते. कुणाचे दूध आटते, कुणाच्या आचळाला सूज येते. आजारी, थंड पडलेले पिल्लू कधीकधी आई बाजूला सारते. आणि बऱ्याचदा ती गाडीखाली सापडलेली असते, येणार कुठून?

म्हणून आधी लांबून पाहावे. पिल्ले स्वच्छ, पोटे भरलेली, निवांत झोपलेली असतील तर आई आहेच. खोक्याभोवती कणकेची रेघ ओढून जा, काही तासांनी ती विस्कटली का पाहा. पिल्ले उन्हात असतील तर जवळच सावलीत सरकवावीत, आईसाठी पाणी व खाणे थोडे दूर ठेवावे. पण जुलै-ऑगस्टात किंवा पिल्ले किरकिरत, सुकलेली दिसली तर दिवसभर वाट पाहू नये.

आणि घरी आणलीच तर? इथेच आपण चुकतो. बाहेर चाळीस अंश, म्हणून आपण पिल्लू थेट ए.सी.त आणतो. पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, ते गारठते; आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, मग दूध. तेही गाईचे नव्हे, पिल्लांसाठीची पावडर व्हेटकडे मिळते. पालथेच ठेवून पाजावे, आपल्या बाळासारखे उताणे नाही. दूध फुप्फुसात जाते. पाजल्यावर ओल्या बोळ्याने खालून पुसावे, त्याशिवाय शी-शू होत नाही. लहान पिल्लाला हे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. हे जमणार नसेल तर लगेच व्हेटला फोन करावा.

पिल्ले दूध सोडून खाऊ लागली की आईचे ऑपरेशन करून घ्यावे. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि गर्भ जेमतेम नऊ आठवड्यांचा. दर वर्षी पिल्ले उचलत बसण्यापेक्षा हे एक काम मोठे. आमच्या मंडळींनी वर्गणी काढून त्या मांजरीचे केले. तिच्या कानाचे टोक आता कापलेले आहे, ती ओळखीची खूण.

इथली माणसे मांजरांवर जीव टाकतात, हे खोटे नाही. ऑगस्ट 2021 मध्ये देऱ्यात दुसऱ्या मजल्यावरून लोंबकळणारी गाभण मांजरी चौघांनी चादर पसरून झेलली, आणि शेख मोहम्मद यांनी त्यांचे कौतुक करून प्रत्येकी 50 हजार दिरहम दिले. पण ऑक्टोबर 2023 मध्ये अबुधाबीतल्या अल फलाहजवळ वाळवंटात शंभराहून जास्त मांजरे सोडलेली सापडली, बरीचशी मेलेली. ती त्यांच्या आयांनी टाकलेली नव्हती.

आपल्यातही व्हिसा संपला, बदली झाली, सुट्टी लागली की ‘खाली सोडून दिले, जगेल कसेही’ असे ऐकले आहे. घरात वाढलेले मांजर खाली जगत नाही हो. या वर्षी जुलैत आम्ही गावी जाणार नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी जाताना किल्ली आमच्याकडे ठेवावी. खाण्याचे आणि औषधाचे तेवढे मात्र कागदावर लिहून द्या.