बायरन काय बघून आला?

कॉम्प्युटरवाल्यांना 'एडा' हे नाव नवीन नाही. ज्या एडा लव्हलेसवरून त्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजला नाव दिलं, तिचा बाप म्हणजे इंग्रज कवी लॉर्ड बायरन. मुलगी काही महिन्यांची असताना, १८१६ साली, याने देश सोडला तो कायमचाच. तेव्हा बाप म्हणून काही आदर्श नव्हता. पण प्रवासाच्या बाबतीत त्याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे, असं माझं मत आहे.

१८०९ मध्ये तो पहिल्यांदा निघाला तेव्हा होता २१ वर्षांचा, म्हणजे आपल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांएवढा. खिशात पैसा नव्हता, कर्ज काढून गेला. नेपोलियनच्या युद्धामुळे फ्रान्स-इटलीची नेहमीची वाट बंद होती. म्हणून मित्र हॉबहाउसबरोबर तो पोर्तुगाल, स्पेन, माल्टा करत तुर्की अमलाखालच्या अल्बानिया आणि ग्रीसमध्ये पोचला. अली पाशाचा पाहुणचार घेतला. जन्मापासून एक पाय अधू, तरी मे १८१० मध्ये युरोप आणि आशिया यांच्यामधली हेलेस्पाँटची खाडी पोहून गेला! वाटेतच 'चाइल्ड हॅरॉल्ड्स पिल्ग्रिमेज' लिहायला घेतलं. मार्च १८१२ मध्ये त्याचे पहिले दोन भाग छापून आले आणि ५०० प्रतींची आवृत्ती तीन दिवसांत संपली.

आता कोणी म्हणेल, नवे डोंगर, नवे समुद्र बघितले की कविता सुचणारच, त्यात काय मोठंसं? मला वाटतं, त्याने खरी आणली ती नजर. अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं लॉर्ड एल्गिनने काढून इंग्लंडला नेली. बायरनने त्याच्यावर कवितेत कडक टीका केली. स्वतः इंग्रज, स्वतः लॉर्ड, तरी बाजू घेतली ग्रीसची. पुस्तक येण्याच्या थोडेच दिवस आधी, २७ फेब्रुवारी १८१२ ला, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्याचं पहिलं भाषण झालं. नॉटिंगहॅमचे विणकर पोटावर पाय आला म्हणून यंत्रं फोडत होते आणि सरकार त्यांना फाशी देणारा कायदा आणत होतं. बायरनने विरोध केला. तुर्की राज्यातले सगळ्यात पिचलेले प्रांत मी पाहिलेत, पण परत आल्यावर आपल्या देशात दिसली तशी दैना तिथेही नव्हती, अशा अर्थाचं तो बोलला. कायदा झालाच, पण परका देश पाहिला नसता, तर ही तुलना त्याला करता आली असती का?

याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. पूर्वेकडचे चाचे, तलवारी, जनानखाने यांच्या गोष्टी इंग्लंडमध्ये जोरात खपतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 'द कॉर्सेअर'च्या १८१४ साली पहिल्याच दिवशी दहा हजार प्रती गेल्या. इथे प्रवासाचा माल झाला. पण पुढे व्हेनिसला तो मठात जाऊन आर्मेनियन भाषा शिकला आणि इटालियन कवींची आठ ओळींची, गप्पा मारल्यासारखी रचना उचलून 'डॉन जुआन' लिहिलं. मला हा प्रवास जास्त खरा वाटतो, कारण इथे परक्या मुलखाने त्याची लिहायची पद्धतच बदलली.

आपण हॉस्टेलवाले तर घर सोडूनच आलोय. वर्षातून एक इंडस्ट्रियल व्हिजिट होते. बसमध्ये अंताक्षरी, गेटसमोर ग्रुप फोटो आणि रिपोर्ट मागच्या बॅचचा! उद्या काही जण एम.एस.ला परदेशी जातील. जरूर जा. पण तिथली भाषा चार वाक्यं तरी शिका, मशीन चालवणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. आणि सुट्टीत घरी आलात की आपलं गाव, आपलं कॉलेज नव्याने दिसतंय का ते तपासा. काही खटकलं, तर बायरनसारखं उभं राहून बोला. तेवढं होत नसेल, तर फक्त तिकिटाचे पैसे गेले म्हणायचे!