देशातील उत्पादन आणि देशवासीयांचे उत्पन्न

कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकच्या सीमाभागात तो जोतिबाचा डोंगर म्हणूनच ओळखला जातो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे लाखो भाविक जमतात, उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. आपल्या हिंदू बांधवांच्या या श्रद्धास्थानाचा उल्लेख येथे अर्थशास्त्रातील एका प्रश्नासाठी करीत आहे. डोंगरावर वर्षभर जी उलाढाल होते, तिच्यामुळे वाडी रत्नागिरी गाव किती संपन्न होते?

तीन उदाहरणे कल्पून पाहू. डोंगरावर नारळ-गुलालाचे एक कायमचे दुकान आहे, पण त्याचा मालक दूरच्या शहरात राहतो. मालाची मूळ किंमत वजा जाता दुकानात जी मूल्यवाढ होते, ती डोंगरावरच होते. त्यातील नोकराचा पगार गावात राहतो आणि नफा मालकाच्या गावी जातो. दुसरा एक तरुण गावातच राहतो, पण रोज एस.टी.ने कोल्हापूरला कामाला जातो. त्याचे काम डोंगराबाहेर होते, मात्र वेतन गावकऱ्याचे असते. तिसरा मुलगा मुंबईला स्थायिक झाला असून दरमहा आईला पैसे पाठवतो. ही त्याची मदत आहे. त्याचे काम आणि त्याची कमाई दोन्ही मुंबईच्या हिशेबात जमा होतात.

गावाच्या जागी देश ठेवला की वर्तमानपत्रांत वारंवार येणाऱ्या दोन संज्ञांचा अर्थ उलगडतो. देशाच्या सीमेच्या आत एका वर्षात झालेल्या अंतिम वस्तू व सेवांचे मूल्य म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन, अर्थात जीडीपी. मालक कोणत्या देशाचा आहे हे येथे विचारले जात नाही. त्यात आपल्या रहिवाशांनी परदेशातून मिळविलेले वेतन, व्याज व नफा मिळवावा, परकीयांनी येथून मिळविलेले वेतन, व्याज व नफा वजा करावा, म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पादन, अर्थात जीएनपी मिळते. १९९३ पासून संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबपद्धतीत यालाच सकल राष्ट्रीय उत्पन्न असे नाव आहे. थोडक्यात, पहिला आकडा ‘उत्पादन कोठे झाले?’ हे सांगतो आणि दुसरा ‘उत्पन्न कोणाचे झाले?’ हे सांगतो.

हा भेद भारताला नवा नाही. दादाभाई नवरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये असल्याचा अंदाज मांडला. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने आणि ‘होम चार्जेस’ या रूपाने येथील संपत्ती इंग्लंडला कशी वाहत जाते, हेही त्यांनी दाखवून दिले. कमाई या भूमीवर होत होती, परंतु ती येथील जनतेच्या वाट्याला येत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. तिच्या सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. समितीच्या नावातच ‘राष्ट्रीय’ हा शब्द होता. पुढे जगभर देशांतर्गत उत्पादनाचा आकडा अग्रस्थानी आला. अमेरिकेने १९९१ मध्ये हा बदल स्वीकारला. रोजगार आणि मंदी-तेजी समजून घेण्यासाठी हा आकडा अधिक सोयीचा आहे, यात शंका नाही.

आज भारताचे राष्ट्रीय उत्पन्न देशांतर्गत उत्पादनाहून साधारण एक ते दीड टक्क्याने कमी भरते, कारण परकीय भांडवलाला आपण देत असलेला लाभांश व व्याज आपल्याला परदेशातून मिळणाऱ्या उत्पन्नाहून अधिक आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांची मूल्यवाढ भारताच्या उत्पादनात मोजली जाते, पण परकीय मालकीच्या कारखान्याचा नफा त्या मालकाच्या देशाचे उत्पन्न ठरतो. उलट टाटा मोटर्सने २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर ही कंपनी घेतली. तिच्या ब्रिटनमधील कारखान्यांचे उत्पादन ब्रिटनचे आहे, त्यातून टाटांच्या वाट्याला येणारा नफा मात्र आपल्या राष्ट्रीय उत्पन्नात येतो. तेव्हा परकीय भांडवल म्हणजे लूट, असा सरधोपट निष्कर्ष काढणे उचित नव्हे. त्यासोबत तंत्रज्ञान येते, कामगारांचे वेतन आणि सरकारचा कर येथेच राहतो, कोल्हापूरच्या ओतकाम कारखान्यांसारख्या सुटे भाग पुरविणाऱ्यांना काम मिळते. प्रश्न एवढाच की, मूल्यवाढीचा किती भाग येथील श्रमिकाच्या घरी पोहोचतो?

हा प्रश्न विसरल्यास आकडा किती फसवा ठरतो, हे आयर्लंडने अनुभवले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तेथे हलविल्यामुळे २०१५ या वर्षाचा विकासदर सुरुवातीस २६ टक्के जाहीर झाला. सामान्य आयरिश कुटुंबाची मिळकत अर्थातच तेवढी वाढली नव्हती. अखेर २०१७ पासून त्या देशाने राष्ट्रीय उत्पन्नाचे एक सुधारित माप प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

आता आपल्या धर्मग्रामांकडे वळू. वसई, कोकण आणि गोव्यातील किती ख्रिस्ती घरांतील माणसे जहाजांवर आणि आखाती देशांत काम करतात, हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्या कमाईने राष्ट्रीय उत्पन्न वाढते, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. परदेशी कंपनीच्या जहाजावरील खलाशी आंतरराष्ट्रीय नियमानुसार आपल्या घरच्याच देशाचा रहिवासी मानला जातो. रोज कोल्हापूरला जाणाऱ्या त्या तरुणाप्रमाणे त्याचे वेतन राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. मात्र कुवेतमध्ये वर्षानुवर्षे राहणारी परिचारिका तेथील रहिवासी ठरते. मुंबईच्या मुलाप्रमाणे तिने पाठविलेला पैसा ‘हस्तांतरण’ म्हणून वेगळ्या रकान्यात जातो. तो आपल्या देशांतर्गत उत्पादनात नसतो आणि राष्ट्रीय उत्पन्नातही नसतो. २०२४-२५ मध्ये अनिवासी भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम १३५ अब्ज डॉलरहून अधिक होती. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये अशा रकमेचा सर्वाधिक वाटा, सुमारे साडेवीस टक्के, महाराष्ट्राकडे आला. देशाच्या परकीय चलनाला एवढा मोठा आधार देणारी ही माणसे आपण नित्य चर्चिल्या जाणाऱ्या दोन्ही आकड्यांत बहुतांशी अदृश्य असतात.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निसटते. ती परिचारिका कुवेतमधील रुग्णाची जी शुश्रूषा करते, ती कुवेतच्या उत्पादनात नोंदली जाते. इकडे तिच्या लेकरांना न्हाऊ-माखू घालणाऱ्या, त्यांचा अभ्यास घेणाऱ्या आणि संध्याकाळी त्यांच्यासह रोझरीची प्रार्थना म्हणणाऱ्या आजीची सेवा कोणत्याही देशाच्या हिशेबात नाही. वर्षानुवर्षे पित्याविना साजरा होणारा नाताळ हेही एक मोल आहे. ते कोणत्या खात्यात वजा करावे, हे संख्याशास्त्र सांगत नाही.

पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात विकास म्हणजे केवळ आर्थिक वाढ नव्हे, तो प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा व्हावयास हवा, अशी शिकवण दिली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये पोटासाठी देश सोडणाऱ्या श्रमिकाचे शोषण होऊ नये, असे बजावले आणि भांडवलाहून श्रमाला अग्रस्थान दिले. येशू, मरिया आणि योसेफ यांचे पवित्र कुटुंबही काही काळ इजिप्तमध्ये परक्या भूमीवर राहिले होते, याचे विस्मरण आपणास होऊ नये.

म्हणून विकासदराचा नवा आकडा जाहीर झाला की त्याचा आनंद जरूर मानावा, पण त्याबरोबर राष्ट्रीय उत्पन्नाचा, विशेषतः दरडोई उत्पन्नाचा आकडाही पाहावा. जागतिक बँक देशांची प्रतवारी त्यावरूनच करते. सरासरीमुळे विषमता झाकली जाते, हेही ध्यानी ठेवावे. आपल्या परिसरात मोठा प्रकल्प येणार असेल, तर गुंतवणुकीच्या कोटींबरोबर स्थानिकांना कायम नोकऱ्या किती, वेतन किती आणि सुटे भाग कोणाकडून घेणार, हे ग्रामसभेत विचारावे. आणि धर्मग्राम म्हणून आपण एवढे तरी करू शकतो, की ज्या घरातील कर्ता माणूस समुद्रावर वा परदेशी आहे, त्या घराची वास्तपूस नाताळपुरती न ठेवता वर्षभर करावी.