फुकट सूर आणि मुक्त सूर

‘टोरंट’ हा शब्द उच्चारला, की चोरून उतरवलेले चित्रपट आणि कुलूप फोडलेली सॉफ्टवेअर एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. ही समजूत निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि, ज्या तंत्राने चोरीचा माल फिरतो, त्याच तंत्राने राजीखुशीने दिलेले दानही फिरत असते. संगीतकारांच्या बोलीत ज्यांना ‘सॅम्पल लायब्ररी’ म्हणतात, ते वाद्यांच्या ध्वनिनमुन्यांचे मोफत संग्रह हे अशा दानाचे ठळक उदाहरण. हे संग्रह एकमेकांत वाटून घेणे कायदेशीर की बेकायदा, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते दात्याने लिहून दिलेल्या परवान्याच्या चार ओळींत सापडते. आणि नेमक्या त्याच ओळी वाचण्याची सवय ना वापरणाऱ्यांना आहे, ना बंदीचे आदेश अमलात आणणाऱ्या यंत्रणेला.

एका पियानोचे वजन

घरच्या संगणकावर संगीतरचना करणाऱ्याला खरा ग्रँड पियानो किंवा व्हायोलिनवादकांचा ताफा परवडणारा नसतो. खऱ्या वाद्याचा एकेक स्वर स्वतंत्रपणे मुद्रित केलेला संग्रह तो वापरतो. कीबोर्डची पट्टी दाबली, की संगणक त्या स्वराचा मुद्रित नमुना वाजवतो. हे काम किती चिकाटीचे असते, याची कल्पना ‘सॅलमँडर ग्रँड पियानो’ या मोफत संग्रहावरून येईल. यामाहा कंपनीच्या ‘सी ५’ या पियानोवरील ८८ पट्ट्यांपैकी दर तिसऱ्या पट्टीचा स्वर त्यात मुद्रित केलेला आहे आणि प्रत्येक स्वर हलक्या स्पर्शापासून जोरकस आघातापर्यंत १६ पातळ्यांवर वाजवलेला आहे. म्हणजे ३० स्वरांचे ४८० नमुने झाले. ध्वनी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या दर्जाचा व दोन वाहिन्यांचा असेल, तर एका सेकंदाला २ लाख ८८ हजार बाइट लागतात. प्रत्येक नमुना सरासरी दहाच सेकंदांचा धरला, तरी एका पियानोचे वजन १३८ कोटी बाइटच्या, म्हणजे सुमारे १.४ गिगाबाइटच्या घरात जाते.

असा संग्रह दहा हजार लोकांनी एकाच सर्व्हरवरून उतरवून घेतला, तर दात्याच्या खात्यावर १४ हजार गिगाबाइटच्या वाहतुकीचा बोजा पडतो. मोठी कंपनी तो जाहिरातीचा खर्च समजून सोसते. पदरमोड करून संग्रह तयार करणाऱ्या एकट्या हौशी माणसाला मात्र आपले दान लोकप्रिय होणे हीच शिक्षा ठरते. संकेतस्थळाचे पैसे भरणे थांबते आणि संग्रह इंटरनेटवरून नाहीसा होतो.

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बिटटोरंट’ या पद्धतीने नेमका हाच बोजा वाटून टाकला. यात मोठी फाइल लहान लहान तुकड्यांत विभागली जाते. ज्याच्याकडे जो तुकडा आला, तो त्याने दुसऱ्याला द्यायचा आणि स्वतःजवळ नसलेला तिसऱ्याकडून घ्यायचा. खेड्यांत शेतकरी एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबतात, त्या सावडीचाच हा संगणकीय अवतार म्हणता येईल. मागणारे वाढले की पुरवणारेही वाढतात. डेबियन, उबुंटू यांसारख्या मुक्त संगणकप्रणाली याच मार्गाने अधिकृतपणे दिल्या जातात. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या अमेरिकेतील डिजिटल ग्रंथालयाने २०१२ पासून आपल्या भांडारातील साहित्य टोरंटद्वारेही उपलब्ध करून दिले आहे.

उतरवणारा हाच वाटणारा

मात्र या सावडीतच कायद्याची एक मेख आहे. नेहमीच्या पद्धतीने संकेतस्थळावरून फाइल उतरवणारा हा केवळ घेणारा असतो. टोरंटमध्ये घेणारा त्याच क्षणी देणाराही होतो. त्याला त्याची जाणीव असो वा नसो. त्यामुळे संग्रह ‘वापरण्याची’ परवानगी असून भागत नाही, तो ‘वितरित करण्याची’ परवानगी असावी लागते. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने तेथे गोंधळ होतो. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द असूनही आपल्याकडे तो तितकाच होतो.

काही उदाहरणांवरून हा फरक स्पष्ट होईल. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने प्रतिध्वनीरहित खोलीत मुद्रित केलेले वाद्यांचे नमुने १९९७ पासून कोणत्याही कामासाठी निर्बंधांशिवाय खुले ठेवले आहेत. ‘व्हीएससीओ २ कम्युनिटी एडिशन’ हा वाद्यवृंदाचा संग्रह ‘सीसी झिरो’ या घोषणेखाली दिलेला आहे. आपले सर्व हक्क आपण सोडले, असा तिचा अर्थ. ‘सॅलमँडर’ प्रथम प्रसिद्ध झाला तो निर्मात्याचे नाव द्यावे एवढ्याच अटीवर. हे तिन्ही संग्रह टोरंटवरून वाटण्यात कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राने दिलेल्या नमुन्यांची गोष्ट वेगळी आहे. तेही विनामूल्य आहेत आणि आपल्या रचनेत वापरून ती रचना विकण्यासही मुभा आहे. परंतु ते नमुने आहेत त्या स्वरूपात विकू नयेत किंवा इतरांना उपलब्ध करून देऊ नयेत, अशी अट आहे. म्हणजेच त्यांचा वापर निर्धोक. त्यांचे टोरंट मात्र अटीचा भंग. अनेक व्यावसायिक कंपन्या ग्राहक जोडण्यासाठी जे मोफत संग्रह देतात, त्यांचाही परवाना सामान्यतः फक्त नोंदणी करणाऱ्यापुरता असतो. फुकट मिळालेली वस्तू मित्राला दिली तर त्यात कोणाचे काय गेले, हा युक्तिवाद माणुसकीच्या दृष्टीने समजण्यासारखा असला, तरी कायद्यापुढे तो टिकत नाही.

खूण पटली, पण मालक कोण?

टोरंटमधील प्रत्येक तुकड्याला ‘हॅश’ नावाची एक गणिती खूण असते. ती जुळली नाही तर तुकडा फेकून दिला जातो. त्यामुळे शेकडो अनोळखी संगणकांतून आलेली फाइलही मूळ फाइलशी तंतोतंत जुळते. पण ही खूण केवळ अचूकतेची हमी देते, मालकीची नव्हे. एखाद्याने विकतच्या संग्रहातील स्वर उचलून त्यावर ‘मोफत’ अशी चिठ्ठी डकवली, तर ती लबाडीही हॅश तितक्याच इमानाने जपेल. म्हणूनच संग्रह कोणी, कोठे, कोणत्या वाद्यावर मुद्रित केला याची नोंद आणि परवान्याची प्रत संग्रहाच्या आतच असणे आवश्यक ठरते.

परवान्याचे शब्द काळाच्या ओघात कसे अडचणीचे ठरतात, हे बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रीसाउंड’च्या अनुभवावरून दिसते. तेथील ध्वनी आरंभी ‘सॅम्पलिंग प्लस’ या परवान्याखाली दिले जात. इतर मुक्त परवान्यांशी मेळ न बसणारा हा परवाना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ संस्थेने २०११ मध्ये नव्या कामांसाठी मागे घेतला. फ्रीसाउंडनेही त्याच वर्षी नवे परवाने स्वीकारले. पण जुन्या ध्वनींचा परवाना बदलण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्याकडेच होता. जे दाते तोवर तेथून निघून गेले होते, त्यांचे ध्वनी जुन्याच अटींत अडकून राहिले. दानाची इच्छा असूनही कागद नीट नसला, की असे होते.

सुक्याबरोबर ओलेही

दुसरी बाजू बंदी घालणाऱ्यांची. २००१ मध्ये ‘नॅपस्टर’ बंद पडले, तेव्हापासून संगीत उद्योगाने फाइल-वाटपाच्या तंत्राकडेच आरोपी म्हणून पाहिले. मात्र २००५ च्या ‘ग्रोक्स्टर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोष ठेवला तो चोरीला चिथावणी देण्यावर; दोन्ही कामांना उपयोगी पडणारे साधन बनवणे हाच गुन्हा, असे म्हटले नाही.

भारतात हा विवेक नेहमी पाळला गेला, असे म्हणता येत नाही. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी टोरंटच्या संकेतस्थळांबरोबर ‘व्हिमिओ’ही बंद केले. त्यावर न्यायालयालाच स्पष्टीकरण द्यावे लागले, की बंदी विशिष्ट दुव्यांपुरती आहे, संपूर्ण संकेतस्थळावर नाही. तरीही ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपट निर्मात्यांच्या तक्रारींवरून अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे रोखली गेली, त्यांत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ही सापडले. ज्या भांडारातून पुस्तके, जुनी ध्वनिमुद्रणे आणि हे मुक्त वाद्यसंग्रह कायदेशीरपणे मिळतात, त्याचेच दार काही काळ भारतीयांना बंद झाले. याउलट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात सरसकट बंदीस नकार दिला आणि तपासून खात्री केलेल्या दुव्यांपुरताच आदेश दिला. निर्मात्याचे संरक्षण आणि निरपराधांचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधता येतात, हे त्या भूमिकेने दाखवून दिले.

आपल्या वाद्यांचे काय?

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य वाद्यांपुरता राहिला असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. पण पियानो व व्हायोलिनचे मुक्त संग्रह मुबलक असताना भारतीय वाद्यांचे तुरळक आहेत. याला तांत्रिक कारणही आहे. सतारीची मींड सुट्या स्वरांत पकडता येत नाही. तबल्याचे बोल हाताच्या ठेवणीनुसार बदलतात. तरीही हे अशक्य नाही. मृदंगमच्या सात हजारांहून अधिक सुट्या आघातांचा एक संच संशोधनासाठी मुद्रित होऊन याच फ्रीसाउंडवर खुला झाला आहे. संबळ, चौंडके, दिमडी, तुणतुणे यांच्याबाबत असे काम महाराष्ट्रात व्हायला हवे.

ते करताना वादकाचा हक्क विसरून चालणार नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्या निर्मात्याकडे ६० वर्षे राहतो. वाजवणाऱ्या कलावंताचा हक्क त्याहून स्वतंत्र असून तो ५० वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील मानधनावरही त्याचा दावा मान्य केला आहे. एखाद्या गोंधळ्याचा संबळ मुद्रित करून तो परस्पर ‘मुक्त’ जाहीर करणे, हे मुक्ततेच्या नावाखाली केलेले अपहरणच ठरेल. आपला ध्वनी जगातील कोणीही, व्यवसायासाठीसुद्धा, वापरील आणि तो मागे घेता येणार नाही, हे कलावंताला त्याच्या भाषेत समजावून त्याची लेखी संमती घेणे आणि कामाचा योग्य मोबदला आधीच देणे, हाच यातील सरळ मार्ग.

त्यानंतरची वाट कायद्याने सुकर केली आहे. याच २०१२ च्या दुरुस्तीने निर्मात्याला जाहीर सूचनेद्वारे आपले हक्क सोडण्याची मुभा दिली. विद्यापीठांच्या संगीत विभागांकडे ध्वनिमुद्रणाची साधने आहेत, विद्यार्थी आहेत आणि ज्येष्ठ वादकांशी संपर्कही आहे. त्यांनी वाद्ये मुद्रित करावीत, वादकाचे नाव व संमती नोंदवावी, स्पष्ट परवाना सोबत जोडावा आणि संग्रह टोरंटवर ठेवावा. पुढे विभागाचा सर्व्हर बंद पडला किंवा अनुदान थांबले, तरी ज्यांनी तो संग्रह उतरवून घेतला आहे, त्यांच्यापैकी एकाचाही संगणक चालू असेल तोवर तो इतरांना मिळत राहील. तसे मिळणे आणि देणे कायदेशीर राहावे यासाठी परवान्याच्या त्या चार ओळी मुद्रणाच्या दिवशीच लिहिल्या गेल्या पाहिजेत. वादक हयात नसताना त्या लिहून घेता येत नाहीत.