कौलं गेली, खोकी आली

चिमणीसाठी म्हणून भिंतीत भोक कुणी ठेवत नव्हतं. गिलावा सुटला, तुळई भिंतीत शिरते तिथली खाच जरा मोठी पडली, कौलाखाली दोन वाशांमध्ये वीतभर पोकळी राहिली, की चिमणी तिथे काड्या आणून ठेवायची. तसबिरी तेव्हा पुढे झुकवून टांगत. तसबिरीमागे तर घरटं हमखास. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ती कौलं कोकणभर आणि मुंबईत पोचली, तरी चिमणीचं काही अडलं नाही. तिचं अडलं ते सिमेंटपाशी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. तिथे पुढे स्लॅबच्या इमारती आल्या. पुण्यात पुराने एका दिवसात केलं, ते बाकीच्या शहरांत पुनर्विकासाने सावकाश उरकलं. स्लॅबला वासे नसतात, आणि वाशांशिवाय फट कुठली?

फटीचं मोल पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या शाळकरी वयातल्या एका टिपणात दिसतं. तबेल्याच्या भिंतीत मादी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर राखणीला. पोराने नराला गोळी घातली. थोड्या वेळात दुसरा नर हजर. सात दिवसांत असे आठ नर पडले, मादी जागची हलली नाही. जोडीदार मिळत होते. भोक एकच होतं.

फट उरली नाही, तर घर बांधून द्यावं लागतं. युरोपात पक्ष्यांना असं घर दिलं ते आधी पोटासाठी. डच लोक भिंतीवर मातीची मडकी टांगत, आत साळुंकीच्या कुळातले पक्षी वीण करत. मडक्याला मागून हात जाईल एवढं भोक असे. पिल्लं भरली की काढून खायची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बॅरन फॉन बर्लेप्श यांनी सुतारपक्ष्याची ढोली मोजून-मापून लाकडी घरटी करवली. कीड खाणारे पक्षी झाडांजवळ राहावेत, हा रोख हिशेब. पक्ष्याला नेमकं काय लागतं, याचा अभ्यास या दोघांनीही आपल्यापेक्षा जास्त केला होता.

आपण घरटं घेतो ते स्वतःला आवडलं म्हणून. 20 मार्चला चिमणी दिन येतो आणि बाजारात रंगीत, कौलारू, दारापुढे दांडी असलेली घरटी लागतात. दांडीचा उपयोग चिमणीपेक्षा कावळ्याला जास्त. चिमणीला भोक सव्वा इंच, म्हणजे 32 मिलिमीटर पुरतं. त्याहून मोठं केलंत तर साळुंकी घुसेल. लाकूड जाड आणि आतून बिनरंगी हवं. पत्रा, प्लास्टिक वैशाखात तापतं आणि पिल्लं आत भाजतात. तळाला पाणी निथळायला दोन बारीक छिद्रं, छप्पर पुढे आलेलं, आणि वीण संपल्यावर साफ करता यावं म्हणून उघडणारी एक बाजू. डच मडक्यातली तीच सोय, हेतू मात्र बरा.

टांगायचं दहा फुटांच्या आसपास, वळचणीखाली, मांजराची उडी पोचणार नाही असं. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडे पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. चिमण्यांना शेजार चालतो, दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी हरकत नाही. दयाळालाही पेटी चालते, त्याला भोक मोठं लागतं. बुलबुल, शिंपी, शिंजीर मात्र अशा पेटीत पाऊल टाकणार नाहीत. त्यांना जास्वंदीचं दाट झुडूप द्यावं. आणि पेटी लावून त्याच बागेत कीटकनाशक फवारणं हा शुद्ध विनोद आहे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला अळ्याच लागतात.

देशभर चिमणी संपत चालली, ही ओरड मात्र अर्धीच खरी. 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात तिची देशातली संख्या साधारण स्थिर आढळली. घट दिसली ती मुंबईसह सहा महानगरांत. म्हणजे प्रश्न शहराच्या बांधणीचा आहे, आणि तो बाल्कनीतल्या हौसेवर सोडून भागणार नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या नगरपालिकेने 2020 पासून पाच मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवण्याची अट घातली. वीट भिंतीतच जाते, लाकडासारखी कुजत नाही. आपल्याकडे पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंग यांवर महिनोन्महिने घासाघीस चालते. त्याच बैठकीत मागच्या भिंतीत चार-सहा पोकळ विटा मागितल्या, तर बिल्डरला फारसा खर्चही येणार नाही.