उत्तर न येणाऱ्या प्रयोगाचा तपास

शालेय प्रयोगशाळेत अपेक्षित उत्तर आले नाही, की दोष बहुधा विद्यार्थ्याच्या हाताला तरी दिला जातो किंवा ‘रसायन खराब आहे’ एवढ्या निदानावर विषय मिटवला जातो. पुढची तुकडी दारात उभी असल्यामुळे बाटली बदलून किंवा द्रावण थोडे तीव्र करून वेळ निभावून नेली जाते. बाटली बदलल्याने तास पार पडतो हे खरे, परंतु दोष नेमका कशात होता हे कोणालाच कळत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तीच अडचण पुन्हा समोर येते. प्रयोगशाळा सहायकाच्या कामाकडे मांडामांड आणि धुणेपुसणे एवढ्याच दृष्टीने पाहणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही, की फसलेल्या प्रयोगाचे कारण शोधणे हे शाळेत घडणाऱ्या वैज्ञानिक कामांपैकी सर्वांत अस्सल काम आहे, कारण त्याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात आधी छापलेले नसते.

नायट्रेट ओळखण्याची तपकिरी कड्याची चाचणी या दृष्टीने फार बोलकी आहे. नायट्रेटच्या द्रावणात फेरस सल्फेटचे द्रावण मिसळून, परीक्षानळी तिरकी धरून, संहत सल्फ्युरिक आम्ल कडेकडेने खाली सोडले म्हणजे दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडे दिसते. फेरस आयन नायट्रेटचे क्षपण करून नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि तो वायू उरलेल्या फेरस आयनांशी जोडला जाऊन हा रंग येतो. कडे न येण्याची कारणे मात्र अनेक असू शकतात: फेरस सल्फेटचे द्रावण आदल्या आठवड्याचे असेल, तर हवेतील ऑक्सिजनने त्यातील फेरस आयन फेरिक झालेले असतात आणि मूळची फिकट हिरवी छटा पिवळसर होते; नळी हलल्यामुळे थर मिसळले असतील; किंवा नमुन्यात मुळातच नायट्रेट नसेल. या तिन्ही शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करण्यासाठी दोन नळ्या पुरतात. एकीत पोटॅशियम नायट्रेटचे खात्रीचे द्रावण घ्यावे, ही ज्ञात चाचणी. दुसरीत नुसते ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे, ही निरंक चाचणी. खात्रीच्या द्रावणातही काळजीपूर्वक हाताने कडे आले नाही, तर दोष अभिकर्मकात आहे; तिथे ते आले आणि नमुन्यात आले नाही, तर नमुना किंवा विद्यार्थ्याचा हात तपासावा; आणि नुसत्या पाण्यातही कडे आले, तर आम्लात, फेरस सल्फेटमध्ये किंवा नळीत नायट्रेटचा अंश शिल्लक आहे. उपायही अवघड नाही: फेरस सल्फेटचे स्फटिक त्याच दिवशी सकाळी, उकळून थंड केलेल्या पाण्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालून विरघळवावेत, आणि स्फटिकांवर तपकिरी पापुद्रा दिसला तर तो थोड्या पाण्याने धुऊन आतील हिरवा भाग वापरावा.

निरंक चाचणीची सवय नसल्यामुळे पाण्याचा दोष वर्षानुवर्षे रसायनांच्या माथी मारला जातो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, त्यात क्लोराइडेही असतात, आणि अशा पाण्याने विसळलेल्या नळीत सिल्व्हर नायट्रेट घालताच पांढरा गढूळपणा येतो. मग प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या नमुन्यात क्लोराइड ‘सापडते’. ऊर्ध्वपातित पाणीही उघड्या कॅनमध्ये राहिले तर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, आणि फिनॉल्फथॅलिनचा गुलाबी रंग थोड्याच वेळात विरतो, हे अनुमापनाच्या आधी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अनुमापनात, म्हणजे माहीत असलेल्या तीव्रतेच्या द्रावणाने दुसऱ्याची तीव्रता ठरवण्याच्या प्रयोगात, तपासाची पहिली पायरी म्हणजे चूक सर्वांची सारखी आहे की एकाच टेबलाची, हे पाहणे. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांच्या प्रयोगात साऱ्या वर्गाची वाचने एकाच दिशेने सरकली असतील, तर द्रावणे संशयाखाली येतात. एकाच गटाचे वाचन वेगळे असेल, तर ब्युरेटच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा, ओले शंकुपात्र नव्हे तर ओले पिपेट, किंवा गडद द्रावणाचे वाचन वरच्या कडेऐवजी खालच्या वक्रावर घेणे, अशी कारणे शोधावीत. शंकुपात्रात राहिलेल्या पाण्याने ऑक्झॅलिक आम्लाचे एकूण प्रमाण बदलत नाही, पिपेटमधील पाण्याने मात्र बदलते. द्रावण बनवतानाची सर्वांत मोठी चूक वजनाच्या हिशेबात होते: बाटलीतील ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांत पाण्याचे दोन रेणू असतात, त्यांचे मोलर वस्तुमान १२६ असते आणि ०.०५ मोलर तीव्रतेच्या २५० मिलिलिटर द्रावणासाठी सुमारे १.५८ ग्रॅम लागतात. हिशेब निर्जल आम्लाच्या ९० या आकड्याने केला, तर द्रावण तब्बल २९ टक्के विरल होते. परमँगनेटला तर प्राथमिक प्रमाण म्हणून वापरताच येत नाही, कारण त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो आणि तोच अंश पुढील विघटनाला उत्प्रेरक ठरतो. म्हणून ते द्रावण काही दिवस आधी करून, कागदातून नव्हे तर काचलोकरीतून गाळून, गडद तपकिरी बाटलीत ठेवावे आणि प्रयोगाच्या दिवशी नव्याने प्रमाणित करावे. शंकुपात्रात तपकिरी गढूळपणा आला, तर आम्ल कमी पडले आहे किंवा मिश्रण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले नाही, असे समजावे. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असता परमँगनेटचा काही भाग क्लोराइडवर खर्च होतो. पहिल्या काही थेंबांचा रंग सावकाश जाणे हा मात्र दोष नव्हे. तयार होणारे मँगनीज आयनच पुढे क्रियेचा वेग वाढवतात, आणि हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांची घाई आपोआप कमी होते.

भौतिकशास्त्राच्या टेबलावर विभवमापीला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा एकाच बाजूला जातो, ही नित्याची तक्रार. विभवमापी म्हणजे एकसमान तारेवरील विभवपाताशी तुलना करून घटाचे विद्युतगामक बल मोजणारे साधन. तारेच्या दोन्ही टोकांना जॉकी टेकवून काटा उलटसुलट वळतो का, हे आधी पाहावे. न वळल्यास दोन्ही घटांची धन टोके एकाच बिंदूला जोडली आहेत का, आणि मुख्य घटाने तारेवर मिळणारा विभवपात मोजायच्या घटापेक्षा अधिक आहे का, हे तपासावे. डॅनियल घट सुमारे १.१ व्होल्टचा आणि लेक्लांशे घट सुमारे १.५ व्होल्टचा असतो. रिओस्टॅटचा रोध वाढवून ठेवलेला असेल, तर २ व्होल्टचा संचायक घट असूनही तारेवर एवढा विभवपात उरत नाही. व्होल्टमीटरने घट ‘चांगला’ दाखवला म्हणून समाधान मानणे धोक्याचे असते, कारण अंतर्गत रोध वाढलेला जुना घट परिपथ खुला असताना जवळपास पूर्ण व्होल्टता दाखवतो आणि धारा वाहू लागताच कोसळतो. मोजमाप किल्ली दाबूनच घ्यावे. काटा मुळीच हलत नसेल, तर दोष बहुतेक वेळा गंजलेल्या टोकात किंवा तुटलेल्या जोडणीत सापडतो आणि पॉलिश पेपरचा तुकडा पुरेसा ठरतो.

काही दोषांचा तपास मात्र सहायकाने स्वतःच्या अंगावर घेऊ नये. फुटलेल्या तापमापीतील पारा झाडूने लोटू नये. थेंब ड्रॉपरने किंवा कागदाच्या जाड तुकड्याने गोळा करून घट्ट झाकणाच्या डबीत बंद करावेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सोडियम हायड्रॉक्साइडमुळे काचेचे बूच घट्ट बसलेली बाटली जोर लावून उघडण्याचा आग्रहही सोडावा. ते द्रावण रबरी किंवा प्लॅस्टिकच्या बुचानेच बंद ठेवले, तर ही वेळ येत नाही. कोकणातील पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी येते, तिच्यासाठी बंद पेटी आणि सिलिका जेल हाच उपाय. जेलचा रंग बदलला, की ते तापवून पुन्हा कोरडे करावे.

हे सारे करण्यासाठी लागतो तो वेळ, आणि शाळांच्या वेळापत्रकात नेमका तोच नसतो. प्रत्येक प्रयोग तुकडीपुढे मांडण्यापूर्वी सहायकाने तो एकदा पूर्ण करून पाहावा, यासाठी आठवड्यात ठरावीक तासिका राखून ठेवणे मुख्याध्यापकांना कठीण नाही. विषयशिक्षकांनीही त्या तासिकेला काही वेळा हजर राहावे, कारण बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बाह्य परीक्षकासमोर काटा हलला नाही तर त्याचा भार विद्यार्थ्याच्या गुणांवर पडतो. तपास करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, कारण बाटली, पाणी आणि तार एकदम बदलली तर प्रयोग सुरू होऊनही कारण अंधारातच राहते. सहायक निवृत्त होतात, त्यांच्या जागा कित्येकदा दीर्घकाळ रिक्त राहतात आणि त्यांनी मिळवलेले ज्ञान त्यांच्याबरोबर जाते; म्हणून साठानोंदवहीच्या शेजारी दोषांची एक स्वतंत्र वही असावी आणि तीत तारीख, प्रयोग, बाटलीवरील उत्पादनाचा गट क्रमांक, पाणी कोठले होते, ज्ञात व निरंक चाचण्यांत काय दिसले, काय बदलले आणि बदलल्यावर काय झाले, हे लिहिले जावे, आणि कारण सापडलेच नाही, तर तेही त्याच पानावर नमूद व्हावे.