चिखलात उतरल्याशिवाय चिखल कळत नाही

मे महिना उजाडला की शीव, माटुंगा, वडाळा या पट्ट्यातल्या कॉलेजांत विज्ञान शाखेच्या मुलांची एक नवी धावपळ सुरू होते. परीक्षा संपलेली असते, पण सुटी लागलेली नसते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाला आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. त्यामुळे ‘इंटर्नशिप मिळाली का?’ हा प्रश्न निकालाच्या प्रश्नाइतकाच काळजीचा झाला आहे. कुणाचा काका पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतो, कुणाची मावशी औषध कंपनीत. ओळखीवर पत्र मिळते, तास भरल्याची नोंद होते, शिक्का बसतो. ज्यांची कुठे ओळख नाही, ती मुले पैसे भरून ऑनलाइन प्रमाणपत्र घेतात. श्रेयांक पदरात पडतात, पण विज्ञान कुठे शिकले गेले, हे कुणी विचारत नाही.

आणि याच कॉलेजांपासून हाकेच्या अंतरावर एक अख्खी प्रयोगशाळा उघडी पडलेली आहे. तिला कुलूप नाही, वातानुकूलन यंत्र नाही आणि तिची वेळ घड्याळ नव्हे, चंद्र ठरवतो. ती म्हणजे शीवच्या भोवतालचे खाजण.

शीव या नावाचा अर्थच सीमा. मुंबई बेट इथे संपत होते आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होत होती. ही सीमा राखायला इंग्रजांनी 1669 ते 1677 या काळात टेकडीवर किल्ला बांधला. पण शीवची खरी हद्द तटबंदीने नव्हे, भरतीच्या पाण्याने आखलेली होती. आजही एका बाजूला मिठी नदी आणि माहीमची खाडी, दुसऱ्या बाजूला वडाळ्याची मिठागरे आणि त्यापलीकडे शिवडी-माहुलचा चिखल असा हा भाग पाण्याच्या कडेवर बसलेला आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीकाठच्या वस्त्यांना आपण नेमके कुठे राहतो याची आठवण पाण्यानेच करून दिली.

खाजण म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. तिवरांचे जंगल अनेकांना ओळखू येते. त्याच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला, एक सपाट पट्टा असतो. रोजची भरती तिथपर्यंत पोचत नाही, उधाणाचे पाणी मात्र येते. ते आटले की मीठ मागे राहते. या खारट मातीत मोरसासारख्या जाड, रसरशीत पानांच्या ठेंगण्या वनस्पती आणि खारे गवत वाढते. जमिनीत खेकड्यांची बिळे, ओल्या चिखलावर उड्या मारणारे निवटे, थंडीत परदेशी पाहुणे पक्षी. दुरून पाहणाऱ्याला हे सगळे ओसाड वाटते. तिवराला निदान झाड म्हणून मान मिळतो, न्यायालयाचे संरक्षणही मिळाले आहे. खाजणाकडे मात्र ‘रिकामी जागा’ म्हणूनच पाहिले जाते. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत खाऱ्या दलदलीला आणि जिवंत चिखलपट्ट्यांना सर्वाधिक संवेदनशील गटात स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या ओसाड वाटणाऱ्या चिखलावर शहराने एक जुना आरोप ठेवला आहे: रोगराईचा. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच दूषित हवा. दलदलीतून निघणाऱ्या वाफा ताप आणतात, अशी समजूत शतकानुशतके होती. 1897 साली रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधले आणि वाफांचा सिद्धांत संपला. पण मुंबईतला डास नेमका कुठे वाढतो, हे तरीही कुणीतरी जाऊन पाहायला हवे होते. ते काम डॉ. चार्ल्स बेंटली यांनी केले. 1911 सालच्या त्यांच्या अहवालाने दाखवले की मुंबई शहरातल्या मलेरियाचा मुख्य गुन्हेगार ‘अॅनोफेलिस स्टिफेन्सी’ हा डास आहे आणि तो वाढतो घरांच्या, वाड्यांच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत. म्हणजे खाडीच्या चिखलाकडे बोट दाखवणाऱ्यांच्या स्वतःच्याच अंगणात. पुढे विहिरी झाकण्यावरून आणि बुजवण्यावरून शहरात मोठे वाद झाले, कारण विहिरीशी श्रद्धाही जोडलेली होती. पण मुद्दा सिद्ध झाला होता, तोही विहिरीत वाकून अळ्या पाहिल्यामुळे.

आज शंभर वर्षांनंतरही खाडीकाठच्या सोसायट्यांच्या सभांत ‘ती झाडी तोडा, डास तिथूनच येतात’ असे ऐकू येते. खरे तर शहरातला मलेरियाचा डास अजूनही गच्चीवरच्या उघड्या टाकीत, बांधकामावर साचलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या बशीत सापडतो. याचा अर्थ खाजण निर्दोष आहे असाही नाही. खाऱ्या पाण्यात वाढणारे डास असतात. अंदमान-निकोबारमध्ये तर मचूळ पाण्यात वाढणारा ‘अॅनोफेलिस सुंडाइकस’ मलेरिया पसरवतो. मग मिठीकाठच्या अमुक डबक्यात कोणता डास आहे? भराव टाकून भरतीचे येणे-जाणे अडवले, तर तिथे अळ्या वाढतात की कमी होतात? याचे उत्तर मतदानाने किंवा सोसायटीच्या ठरावाने मिळत नाही. ते मोजून मिळते.

आणि हे मोजणे अवघड नाही. लांब दांड्याचा पळीसारखा डबा घ्यायचा, डबक्यात ठरावीक ठिकाणी दहा वेळा बुडवायचा, प्रत्येक वेळी अळ्या मोजायच्या. पृष्ठभागाला समांतर पडून राहणारी अळी अॅनोफेलिसची, डोके खाली करून तिरकी लटकणारी क्युलेक्सची किंवा एडिसची. पाण्याचा खारेपणा मोजायचे छोटे यंत्र हातात मावते. एक मीटर बाजूची प्लॅस्टिकच्या पाइपची चौकट जमिनीवर ठेवायची आणि तिच्यातली रोपे, खेकड्यांची बिळे मोजायची. खाडीच्या काठापासून जमिनीकडे दोरी ताणून दर काही मीटरवर हेच पुन्हा करायचे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाची मुले आठवड्याभरात हे शिकू शकतात. एकाच चौकटीत दोघांनी स्वतंत्रपणे मोजले की चूकही कळते. तीच चौकट पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच जागी ठेवली गेली, तर ती नोंद एखाद्या मोठ्या यंत्रापेक्षा मोलाची ठरते.

अमेरिकेत या गोष्टीला व्यवस्थेचे रूप दिले गेले. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने 1987 पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाची योजना चालवली. मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या खाऱ्या दलदलींत विद्यार्थी आठ-दहा आठवडे मुक्काम करतात. त्यांना विद्यावेतन मिळते, मार्गदर्शक मिळतो आणि स्वतःचा एक छोटा प्रश्न मिळतो. जॉर्जियातल्या सॅपेलो बेटावरचे संशोधन केंद्र 1953 पासून आहे. दलदलीतली ऊर्जा गवतातून खेकड्यांकडे आणि तिथून समुद्राकडे कशी जाते, याचा पाया तिथल्या चिखलात घातला गेला.

पण यासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असेही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद 1979 पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन विद्यावेतन योजना चालवते. एमबीबीएसचा विद्यार्थी स्वतःचा प्रश्न मांडतो, दोन महिने काम करतो, अहवाल लिहितो आणि अहवाल मान्य झाला की पैसे मिळतात. नुसत्या हजेरीवर काही मिळत नाही. अनेक डॉक्टरांनी संशोधनाचा पहिला धडा इथेच गिरवला. मग वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलांसाठी अशीच योजना मुंबईच्या खाजणात का नसावी?

लागणारी माणसे आणि संस्था शहरात आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून आहे. राज्याचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शीवच्या अगदी शेजारी, धारावी डेपोसमोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एकेकाळी शहराचा कचरा टाकण्याची ती जागा होती. 1994 साली 37 एकरांवर उद्यान खुले झाले आणि त्याच्या कडेला मिठीचा चिखल व तिवरे आहेत. कचऱ्यावर जंगल उभे राहू शकते हे ज्या शहराने करून दाखवले, त्या शहराला तिथे दहा-बारा विद्यार्थ्यांची उन्हाळी तुकडी बसवणे जड जाऊ नये.

मात्र परदेशी वेळापत्रक जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तिथला उन्हाळा जून ते ऑगस्ट, इथला एप्रिल-मे. मेच्या दुपारी दमट हवेत उघड्या चिखलात उभे राहणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. घाम येतो, पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणून काम पहाटे आणि संध्याकाळी, ओहोटीच्या वेळा सांभाळून व्हायला हवे. ओहोटी रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. हे गणित विद्यार्थ्यांना कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांनी शिकवावे, तेही मानधन घेऊन. उधाण आणि भांग यांतला फरक ज्यांनी होडीत शिकला, तेही या अभ्यासाचे शिक्षकच आहेत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की धोका बदलतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायावरच्या छोट्या जखमेतून शरीरात शिरतात. शिंपल्यांच्या धारेने पाय कापणे तर नेहमीचेच. त्यामुळे गमबूट, धनुर्वाताची लस, जखम झाली तर त्या दिवशी पाण्यात न उतरणे, एकट्याने न जाणे आणि ताप आला तर ‘मी खाडीत काम करतो’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगणे, हे नियम पहिल्याच दिवशी लेखी द्यायला हवेत. विमा आणि मुलींसाठी जवळ स्वच्छतागृह, या गोष्टी सोयीच्या नव्हेत, अटीच्या आहेत. धोका आहे म्हणून मुलांना घरी बसवणे सोपे. धोका ओळखून काम करायला शिकवणे म्हणजे शिक्षण.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पैशाचा आहे. बिनपगारी इंटर्नशिप ज्याला परवडते, तोच संशोधक होतो. धारावीतली किंवा शीव कोळीवाड्यातली मुलगी सुटीत शिकवण्या घेते, दुकानात बसते, कारण जूनची फी भरायची असते. तिला दोन महिने फुकट चिखल मोजायला सांगणे म्हणजे दाराशी बोलावून दार लावून घेणे. खरे तर या पाण्याच्या काठावर तीच राहते. पूर आला की तिच्या घरात पाणी शिरते, ताप आला की तिच्या घरातला माणूस सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहतो. तिच्या हातात मोजपट्टी द्यायची असेल, तर विद्यावेतन हवेच. महापालिका, विद्यापीठ आणि राज्य सरकार यांनी मिळून दरवर्षी काही मोजक्या जागा जरी निभावल्या, तरी सुरुवात होईल.

आणखी एक पथ्य पाळायला हवे. ही मुले बांधकाम प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी स्वस्त मजूर होता कामा नयेत. त्यांनी मोजलेले आकडे सर्वांना पाहता यायला हवेत, मग ते कुणाच्या सोयीचे असोत वा नसोत.

हे आताच का? कारण निर्णय थांबलेले नाहीत. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासासाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन वापरायला मान्यता दिली. घरांची गरज खरी आहे, धारावीकरांना चांगले घर मिळायलाच हवे. पण अशा जमिनीवर उधाणाचे किती पाणी पसरते, पावसाळ्यात ती किती पाणी धरून ठेवते, तिथे कोणते जीव वाढतात, या प्रश्नांवर शहरात बाजूने आणि विरुद्ध बोलणारे जितके आहेत, तितके मोजणारे नाहीत. बोलणारे दोन्हीकडचे तावातावाने बोलतात. मोजणारी पिढी मात्र एका उन्हाळ्यात तयार होत नाही. ती वर्षानुवर्षे, एकेक चौकट मांडत तयार करावी लागते.

रुग्णालयात तपासणीविना उपचार सुरू केले तर त्याला हलगर्जीपणा म्हणतात. शहराच्या जमिनीला वेगळा न्याय नसावा. येत्या मेमध्ये शीवच्या एखाद्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपचे पत्र मिळेल, तेव्हा त्यावरच्या शिक्क्याइतकेच त्याच्या बुटांकडेही पाहावे. त्यांना चिखल लागलेला असेल, तर श्रेयांक खरे आहेत असे समजायला हरकत नाही.