‘मॅनेज’ झालेली मराठी

मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हें कांदा, टोमॅटो व द्राक्षें यांच्या व्यापाराचें मोठें गांव. तेथें द्राक्षतोडीच्या दिवसांत एक इंग्रजी क्रियापद सर्वांच्या तोंडीं असतें. मजूर कमी पडले, तरी बागाईतदार ‘मॅनेज’ करतो. गाडींत जागा नसली, तरी गाडीवाला ‘मॅनेज’ करतो. पैसे अपुरे पडले, तरी घरधनीण ‘मॅनेज’ करते. भागविणें, निभाविणें, जमविणें असे नेमके शब्द घरांत असतां ही उसनवारी कशाला, एवढेंच येथें विचारावें. टेबल आणि स्टेशन पचविणाऱ्या मराठीला हा घासहि जड नाहीं.

खरा अनर्थ पुढेंच आहे. कचेरींत अडलेलें काम एकाएकीं सुटलें, कीं कोठल्याहि गांवच्या पारावर ऐकूं येतें, ‘साहेब मॅनेज झाले!’ ‘लाच घेतली’ म्हणतांच घेणारा दिसतो. ‘लाच दिली’ म्हणतांच देणारा दिसतो. ‘मॅनेज झाले’ म्हणतांच दोघेहि अदृश्य! पाऊस झाला, उशीर झाला, तसेच साहेबहि मॅनेज झाले. कर्ता कोणीच नाहीं. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं दुरुस्ती होऊन लाच देणें हाहि स्वतंत्र गुन्हा ठरला. कायदा दोघांनाहि पिंजऱ्यांत उभे करतो. आमची भाषा दोघांनाहि मागच्या दारानें सोडून देते.

कोणी म्हणेल, अर्थ पालटणें हा शब्दांचा धर्मच आहे. मान्य. या क्रियापदाचें मूळ इटालियन भाषेंत आहे. तेथें त्याचा अर्थ घोडा हाताळणें, त्याला वळण लावणें असा होता, आणि त्याच्याहि मुळाशीं लॅटिनमधील ‘हात’ आहे. आमचें ‘हाताळणें’ अगदीं तसेंच घडलें आहे. इंग्रजींत तें क्रियापद घोड्यावरून कारभारावर आलें. आमच्याकडे तें पुन्हां तबेल्यांत गेलें, फरक इतकाच कीं आतां लगाम माणसाच्या तोंडांत आहे. लोकप्रतिनिधींच्या खरेदी-विक्रीला आम्ही ‘घोडेबाजार’ म्हणतों. त्या शब्दांत निदान तिरस्कार तरी आहे. ‘मॅनेज’मध्यें उलट थोडें कौतुकच असतें.

परक्या शब्दांना हद्दपार करा, असा आमचा आग्रह नाहीं. संसार भागविला तर ‘मॅनेज केला’ असें खुशाल म्हणा. परंतु लाचेला लाचच म्हणा. पापाला सभ्य नांव मिळालें कीं त्याची अर्धी शिक्षा तेथेंच माफ होते.